उंबरमाळावरची काळी माती

या, असे सावलीला या. पायताणं मात्र त्या काळ्या मातीच्या बाहेर काढा, तेवढं ऐका माझं. सगळा उंबरमाळ लाल मुरमाचा, आणि मधोमध हे हुतुतूचं मैदान: अर्धं लाल, अर्धं काळंभोर. ही काळी माती इथली नव्हे. खाली ती गाळवाडी दिसते ना, तिथली. इतके पावसाळे गेले, पण वाहून गेली नाही.

असं सांगतात, की दोन्ही गावांत तळं एकच. उन्हाळ्यात पाणी तळाला गेलं की गावं हुतुतूचे डाव खेळायची, आणि शेवटचा डाव जो जिंकेल त्याच्या बाजूची, तळ्याचं पाणी सोडायची मोरी आधी उघडायची. मारामाऱ्या नकोत म्हणून वाडवडिलांनी घातलेली रीत. पण शेवटचा डाव कायम इथंच, आमच्या देवीसमोर. आमच्या गड्यांचे तळवे मुरमावर घट्टे पडून दगड झालेले. गाळवाडीची पोरं मऊ मातीतली. इथं आली की घसरायची, गुडघे फोडून घ्यायची आणि हरून जायची. वर सगळ्या उंबरमाळाचा आरडाओरडा. कसला न्याय हा? मी उंबरमाळचाच, तरी म्हणतो.

एका वर्षी दुष्काळ पडला. तळ्यात जेमतेम एका गावापुरतं पाणी उरलं. त्या उन्हाळ्यात गाळवाडीनं जवळजवळ सगळे डाव मारले होते, म्हणून तिथली जाणती माणसं आमच्या पाटलाच्या पाया पडायला आली, की यंदा तरी शेवटचा डाव आमच्याकडे होऊ द्या. सुभानराव पाटील भारी मिजासखोर. तो म्हणाला, "डाव इथंच होणार. एवढं वाटतं, तर तुमची माती घेऊन या."

टोमणाच तो. पण भिवरानं तो शब्द धरला. भिवरा म्हणजे गाळवाडीच्या पहिल्या गड्याची, धुळाजीची बायको. घरात तान्हं पोर, आणि तिचं दूध आटलेलं. करण्यासारखं दुसरं काही उरलंच नव्हतं हो. डावाच्या दिवशी तांबडं फुटल्यापासून तिच्यामागं गावच्या बायका पाट्या भरभरून ही चढण चढू लागल्या. ऊन तापलं, ओठ फुटले. आमच्या बायका दारात उभ्या राहून बघत होत्या, पण पाटलाच्या धाकानं एकीनंही तांब्या पुढे केला नाही. अर्धं मैदान झाकलं गेलं, आणि पाटी रिकामी करता करता भिवरा कोसळली.

धुळाजीनं तिचं डोकं मांडीवर घेतलं. ती म्हणाली, "मला धरून बसू नका. खेळा." तेवढंच बोलली आणि गेली.

तो खेळला. रडत रडत खेळला, म्हणे. काळ्या मातीत गाळवाडीचे पाय असे रुतले, की आमचा चढाईला गेलेला एकही गडी परत आला नाही. मोरी खाली उघडली. पोराचे ओठ ओले झाले, आणि त्याच पाण्यानं त्याच्या आईला शेवटची आंघोळ घातली.

त्यानंतर सुभानरावानं देवीपुढे भंडारा उचलून शब्द दिला, की उन्हाळाभर जो जास्त डाव जिंकेल, शेवटचा डाव त्याच्याच मातीत होईल. देवी पालखीत बसून तिकडे जाईल.

आजही तसंच चालतं. यंदा डाव खाली आहे, संध्याकाळी पालखी उतरेल. आणि मोरी कुणाच्याही बाजूला उघडो, आजही पहिली घागर वर येते आणि उंबरमाळची बाई ती या मातीवर ओतते. तोवर आमच्यात कुणी घोटभर पाणी पीत नाही. भिवरा कोसळली त्या दिवशी आमच्या घराघरांत रांजण भरलेले होते.