पूर्वेची खिडकी

घाटाखालच्या एका गावात एकदा एक वृद्ध वैद्य दहा-बारा मुलामुलींना औषधविद्या शिकवत असत. त्यांत एक शिष्या होती. लहानपणीच्या तापात तिचे कान गेले होते. समोरच्याच्या ओठांवरून ती बोलणे ओळखत असे. गुरुजींपाशी तिची सात वर्षे सरली. चैत्रात शहरातल्या मोठ्या विद्यालयाची परीक्षा होती आणि तिने तिथे जावे, ही गुरुजींचीच इच्छा होती.

माघ संपताना विषबाधेवरच्या उपचारांचा पाठ सुरू झाला. परीक्षेत तो हमखास विचारला जाई. त्याच सकाळी गुरुजींनी आपले आसन फिरवले आणि भिंतीकडे तोंड करून ते शिकवू लागले.

डोळ्यांवर ऊन येत असेल, असे तिला वाटले. पण दुसऱ्या दिवशीही त्यांची पाठच. तिसऱ्याही. इतरांच्या लेखण्या चालत, मध्येच सगळे हसत, आणि ती गुरुजींच्या उपरण्याचा उसवलेला काठ पाहत बसे. वहीत तिने तिथीपलीकडे काही लिहिले नव्हते.

"तुझी वही दे ना," ती शेजारच्या रेणुकेला म्हणाली.

रेणुकेने वही छातीशी धरली. "नाही देणार. ज्यांनी शिकवलं त्यांनाच विचार."

"एवढी शहाणी कधीपासून झालीस?"

"परवापासून," रेणुका म्हणाली आणि नजर चुकवून निघून गेली.

विचारायचे म्हणजे सर्वांदेखत मोठ्याने बोलायचे. एकदा बाजारात तिने गुळाचा भाव विचारला, तेव्हा दुकानदार म्हणाला होता, "अगं हळू, बहिरा मी नाहीये!" आजूबाजूची हसणारी तोंडे तिला अजून आठवत. त्यानंतर परक्या माणसापुढे तिने तोंड उघडले नव्हते. आता तर गुरुजीच परके झाले होते.

ती विहिरीच्या काठावर एकटीच जेवू लागली. आपण गुरुजींना नकोसे झालो, हे तिने मनाशी धरले. का, ते मात्र उमगेना. नवव्या दिवशी तिने घरी जायला बोचके बांधले. निघताना दारातून तिला पुन्हा ती पाठ दिसली, आणि इतक्या दिवसांचे दुःख एकदम संताप होऊन वर आले.

"गुरुजी, तुमचे ओठ मला दिसत नाहीत! माझ्याकडे तोंड करून शिकवा!"

आवाज फार चढला असावा. सगळ्यांनी दचकून मागे पाहिले. एकाने तोंडावर हात धरून हसू दाबले. ती तशीच उभी राहिली.

गुरुजी सावकाश वळले. त्यांचे डोळे भरले होते.

"बस, पोरी. सात वर्षं मी या पूर्वेच्या खिडकीसमोर बसलो, माझ्या ओठांवर उजेड पडावा म्हणून. तुला कधी मागावंच लागलं नाही, आणि तिथेच मी चुकलो. शहरातले शिक्षक वाईट नसतील. पण फळ्याकडे वळून बोलतील, येरझाऱ्या घालत बोलतील. तू मागे राहिलीस हे त्यांना कळणारही नाही. सांगावं तुलाच लागेल. औषधं शिकवली, पण हे शिकवायचं राहून गेलं होतं, म्हणून पाठ फिरवली आणि रेणुकेलाही वही देऊ नको म्हटलं. चला, पाठ पहिल्यापासून."

"पुन्हा आठ दिवस?" कोणीतरी कण्हले.

"असू दे," रेणुका म्हणाली, "निदान गुरुजींचं तोंड तरी दिसेल."

चैत्रात ती शिष्या परीक्षा उत्तीर्ण झाली. पण शहरातल्या साठ अनोळखी चेहऱ्यांत तिचे ते धैर्य पुन्हा आटले. शिक्षक फळ्याशी बोलत, ती वहीत तिथी लिहून गप्प बसे. असा पंधरवडा गेला. मग रेणुकेचे पत्र आले. शेवटी लिहिले होते, "गुरुजी अजून खिडकीसमोरच बसतात. डोळ्यांवर ऊन येतं, तरी आसन हलवू देत नाहीत. तुझ्या जागेवर कोणी बसलेलं त्यांना चालत नाही."

दुसऱ्या दिवशी शिक्षक बोलता बोलता फळ्याकडे वळले, तेव्हा ती उभी राहिली.