नोमसाने मध्येच सोडलेलं गाणं

ही गोष्ट दूरची, आफ्रिकेतल्या एका बंदराच्या गावची. तिथे नोमसा नावाची एक गायिका राहायची. गावात राज्य गोऱ्यांचं. शाळा, बागा, सगळं त्यांच्यासाठी. काळ्या माणसाने बागेतल्या बाकावर नुसतं टेकलं तरी तुरुंग! नोमसाचा धाकटा भाऊ वुसी असाच आत गेला होता.

एक दिवस गव्हर्नरने तिला बोलावलं. "उद्या परदेशी पाहुणे येताहेत. आमच्या राज्यात सगळे सुखी आहेत, असं गाणं म्हण. तुझा भाऊ परवा घरी येईल."

नोमसा घरी आली, पण तिचं कशात लक्ष लागेना. चुलीवरची लापशी करपली. ती सारखी दाराशी जाई, परत येई. शेवटी ती तुरुंगावर गेली. वुसीने गजांतून तिचे हात घट्ट धरले.

"ताई, मला घरी यायचंय," तो म्हणाला. मग खाली बघत पुटपुटला, "पण इथे आणखी पुष्कळ जण आहेत. ते सुखी आहेत असं सांगणार तू?"

दुसऱ्या दिवशी दिवाणखाना पाहुण्यांनी भरला. नोमसाने सुखाची पहिली ओळ म्हटली. दुसरी तिने म्हटलीच नाही. ती थांबली. मग तुरुंगाबाहेर बायका रोज म्हणत ते गाणं तिने धरलं. त्यात कैद्यांची नावं होती. ती संपता संपेनात. वुसीचंही नाव तिने घेतलं.

"कोण ही माणसं?" एका पाहुणीने विचारलं.

"बाकावर बसलेली," नोमसा म्हणाली.

गव्हर्नर लालबुंद झाला. त्याच दिवशी तिला बोटीत बसवून देशाबाहेर घालवलं. वुसीची शिक्षा वाढली.

परक्या मुलखात नोमसाला घास गोड लागेना. 'मीच त्याला डांबलं का?' हा विचार पाठ सोडत नव्हता. तरी ती गावोगावी तीच नावं गात राहिली. ऐकणारे चौकशी करू लागले, मग संतापू लागले. त्यांनी त्या राज्याचा माल घेणं बंद केलं. बंदर ओस पडलं. अखेर कित्येक वर्षांनी तो कायदा रद्द झाला, तुरुंग उघडला.

नोमसा परतली तेव्हा धक्क्यावर पांढऱ्या केसांचा एक माणूस उभा होता. "ताई," तो म्हणाला, तेव्हा कुठे तिला ओळख पटली.

"माझ्यामुळे तुझी वर्षं गेली रे!"

"गेली," वुसी म्हणाला. "पण मी एकटा नाही सुटलो."

त्याच्यामागे सगळा धक्का तुरुंगातून सुटलेल्या माणसांनी भरला होता.

तात्पर्य इतकंच: आपल्या एकाच्या सुटकेसाठी सगळ्यांचं दुःख झाकू नये. खरं सांगणं महाग पडतं, पण दार सगळ्यांसाठी उघडतं ते त्यानेच.