सुभद्रेच्या विणीतला पट्टा

एकदा एक म्हातारे वस्ताद विणकर होते. त्यांच्या सहा मागांच्या कारखान्यात त्या काळी सकाळपासून धोट्यांचा खडखडाट चाले, दारात खळीचा वास येई आणि दुपारी सगळे एकत्र बसून भाकरी खात. आता ते दिवस राहिले नाहीत. पण तिथली एक गोष्ट आईनं मला सांगितली होती, ती काही मनातून जात नाही.

सुभद्रा तिथली निष्णात विणकरीण. बाळंतपणाला गेली, ती दहा महिन्यांनी परतली. पहिल्याच साडीत विणीत आडवा पट्टा उठला. फणीचा ठोका कुठे जड, कुठे हलका पडला होता.

वस्तादांचा शिष्य कारखान्यावर देखरेख करी. तो म्हणाला, "वहिनी, तुमचं चित्त घरी. त्यापेक्षा सूत गुंडाळून कांड्या भरा. पोरही सांभाळता येईल."

"आणि मजुरी?"

"ती कांड्यांचीच मिळणार ना!"

कांड्यांच्या मजुरीत घर चालत नव्हतं, आणि एकदा गेलेला माग परत मिळत नाही हे सुभद्रेला ठाऊक होतं.

वस्तादांनी हे ऐकलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी घरून एक जुनी साडी आणली, दारातल्या उजेडात पसरली आणि शिष्याला म्हणाले, "यातली खोट शोध."

त्यानं लगेच बोट ठेवलं. "हा काय पट्टा! कुणा नवशिक्यानं विणली, वस्ताद?"

"तूच."

"चेष्टा करता गरिबाची!"

"चेष्टा नाही. मनगट मोडून तू सहा महिने घरी होतास. आल्यावर ही विणलीस. व्यापाऱ्यानं नाकारली, म्हणून मी घरी नेली. आमच्या मंडळींनी हौसेनं नेसली. तेव्हा कारखान्यात सगळे म्हणाले, हात अवघडलाय, बसेल. पुढच्या साडीला बसलाही. तेव्हा तुला कांड्या भरायला कुणी सांगितलं होतं? थांबलेला हात सगळ्यांचा सारखाच रे. तुझ्या पट्ट्याला आम्ही दुखणं म्हटलं, हिच्या पट्ट्याला तू पोर म्हणतोस."

शिष्यानं त्या पट्ट्यावरून बोट फिरवलं. मग सुभद्रेपाशी जाऊन म्हणाला, "वहिनी, विणा तुम्ही. तुमची ही मागावरची साडी कुणी घेतली नाही, तर मी घरी नेईन."

"तुमची बायको नेसेल का पण?"

"तिचं मी बघतो!"

सुभद्रा हसली आणि मागावर बसली.

कामावर परत आलेल्या आईला एवढी एक साडी बिघडवू द्यावी.