हिरवळीवरचे दव

एकदा एका नदीच्या वळणावर एक वृद्ध आचार्य आपल्या पत्नीसह राहत असत. घर साधेच होते, पण घरापुढे हरळीची मोठी हिरवळ होती आणि त्या माउलीचा सारा जीव त्या हिरवळीत होता. थंडीच्या दिवसांत, नदीवरचे धुके अजून विरलेले नसताना, ती अनवाणी दवावर चालत असे. दवावर चालल्याने डोळ्यांना थंडावा मिळतो, असे आपल्याकडची जुनी माणसे सांगतात. तिची दृष्टी वर्षागणिक मंदावत चालली होती. काशाच्या वाटीने तळवे चोळून झाले, अंजने घालून झाली, वैद्यांनी हात टेकले. उरले होते ते हे चालणे. चालताना ती स्वतःशीच मंद हसे, आणि पाहणाऱ्याला वाटे की ही आपल्याला न दिसणारे काहीतरी पाहते आहे.

त्या घरी एक शिष्य अध्ययनासाठी राहत असे. वयाने चांगला जाणता, पण लहानपणीच आई गमावलेला. घरात आला त्या दिवशी माउलीने त्याच्या ताटात भाकरी वाढली आणि तो 'पुरे' म्हणत असताना आणखी एक वाढली. तेव्हापासून तो तिचा मुलगाच झाला होता.

एका सकाळी चालता चालता माउलीच्या टाचेत सराट्याचा काटा रुतला. रक्ताचा थेंब आला. तिने काटा काढून टाकला आणि पुन्हा चालू लागली. तिच्यापुरती गोष्ट संपली. शिष्याच्या मनातून मात्र ती जाईना.

त्या दिवसापासून त्याने तणाशी उभा दावा मांडला. सराटा, लव्हाळा, केना, घोळ, हरळीखेरीज जे जे दिसेल ते उपटायचे. तणाला लपायला जागा नको म्हणून हरळीसुद्धा तो विळ्याने इतकी खाली कापी की माती दिसावी. "हिरवळीची हजामत मांडली आहेस की काय?" असे आचार्य एकदा म्हणाले. त्याला ते कौतुकच वाटले. लव्हाळा मात्र त्याला पुरून उरत होता. एक उपटावा तर काही दिवसांत तिथेच दोन हजर. मग शिष्य आणखी लवकर उठू लागला आणि पोथ्यांवर धूळ साचू लागली. वाईटासाठी झपाटलेला माणूस मध्येच दमतो तरी. कोणाच्या भल्यासाठी झपाटलेल्याला आवरणे महाकठीण.

पुन्हा थंडी आली. आता माउलीला केवळ सावल्या दिसत होत्या, आणि त्याही फार काळ राहायच्या नाहीत असे वैद्य सांगून गेले होते. पहिल्या धुक्याच्या सकाळी शिष्याने तिचा हात धरून तिला ओट्यावरून खाली उतरवले.

"या आई. आता औषधालासुद्धा काटा सापडायचा नाही."

ती थोडी चालली आणि थांबली. तळव्याने इकडेतिकडे चाचपून पाहिले.

"आज दव पडलं नाही का रे?"

दव पडले होते. कुंपणाच्या मेंदीवर त्याचे थेंब लकाकत होते. पण हिरवळीवर ज्या पात्यांनी ते झेलायचे ती पातीच उरली नव्हती. पायाखाली होती टणक माती आणि पिवळी, खुरटलेली हरळी. "पडेल हो उद्या," असे म्हणून माउलीने उलट त्याचीच समजूत काढली आणि ती ओट्यावर जाऊन बसली. शिष्याला रडू आवरेना. तिच्या हाती उरलेल्या थोड्या हिवाळ्यांतला एक त्याने वाया घालवला होता.

रडून झाल्यावर त्याने काय करावे? पुन्हा खुरपेच उचलले. तेवढ्यात आचार्य आले, त्यांनी ते त्याच्या हातातून काढून घेतले आणि माळ्यावर टाकून दिले. मग कुंपणापलीकडे मोकळी वाढलेली हरळी होती, तिच्या कांड्यांची टोपली भरून त्याच्यापुढे ठेवली.

"लाव."

"पण गुरुजी, जमिनीत अजून लव्हाळा आहे."

"असू दे. त्यातच लाव. पाणी रोज शिंपडू नकोस. मध्ये दिवस जाऊ दे, पण देशील तेव्हा खोल मुरू दे. आणि विळा चार बोटांच्या खाली नेऊ नकोस."

शिष्याला काही उमगेना, पण त्याने तसेच केले. उन्हाळा गेला, पावसाळ्यात हरळी दाटली, आणि तिच्यात तणही उगवले. त्याचे हात शिवशिवत. अखेर सराट्याची पिवळी फुले दिसली तेव्हा तो आचार्यांना तिथे घेऊन आला. आचार्य खाली बसले आणि त्यांनी ते रोप अलगद उपटले.

"हे काढायचं. याच्या फुलामागून काटा येतो. आता तो लव्हाळा बघ."

शिष्याने दाट पाती बाजूला सारली. सावलीत लव्हाळा फिकट, मरगळलेला उभा होता.

"तुझं प्रेम खोटं नव्हतं," आचार्य म्हणाले. "पण वर्षभर तू काट्याकडे पाहिलंस, तिच्याकडे पाहिलं नाहीस. तिला तणाविना जमीन नको होती रे, तिला दव हवं होतं. हरळी खरडून तू सराट्याच्या बियांना ऊन दिलंस. लव्हाळा ओढलास तेव्हा पान हातात आलं, गाठ मातीत राहिली आणि ती पुन्हा फुटली. जमीन रिकामी राहत नसते. आपण काही लावलं नाही तर वारा लावतो. म्हणून उपटायचं ते थोडं, वाढवायचं ते पुष्कळ."

"म्हणजे तण कधीच संपणार नाही?"

"थोडं राहील. आपण दोघे गेल्यावरही राहील."

मार्गशीर्षातली सकाळ उजाडली. माउलीच्या सावल्याही आता मावळल्या होत्या. नदी, झाडे, कुंपण, सारे धुक्यात विरघळले होते, आणि त्या वेळी तरी कोणालाच तिच्याहून जास्त दिसत नव्हते. तिने हिरवळीवर पाऊल ठेवले. पाऊल घोट्यापर्यंत भिजले. ती कितीतरी वेळ तशीच उभी राहिली.

मग म्हणाली, "तू कधी चाललास का रे यावरून?"

शिष्याची नजर आपल्या पायांतल्या वहाणांकडे गेली. इतकी वर्षे तो या हिरवळीवर उकिडवा बसला होता, वहाणा घालून फिरला होता. अनवाणी तो एकदाही चालला नव्हता. "नाही, आई," तो ओशाळून म्हणाला.

"मग काढ वहाणा."

त्याने वहाणा काढल्या. गारवा तळव्यांतून वर चढू लागला तसे त्याचे मन हळूहळू निवत गेले. पायाजवळच केन्याचे एक निळे फूल होते. ते त्याने पाहिले, आणि माउलीचा हात धरून तो पुढे चालू लागला.

ज्यांच्या वाटेतले काटे आपण जन्मभर वेचतो, त्यांच्यासोबत त्या वाटेवरून थोडे चालूनही पाहावे.