सुखदेव इंग्रजीत पास झाला त्याची गोष्ट

बोरवडी नावाच्या गावात सुखदेव नावाचा एक भोळा माणूस राहत होता. दूध डेअरीत दुधाचं फॅट मोजायचा. भोळा म्हणजे किती? सांगितलं तेवढंच करायचा. फक्त शेवटचं जे सांगितलं असेल, ते करायचा.

त्याची बायको रेश्मा नर्स. ती परदेशातल्या एका दवाखान्यात नोकरीला लागून वर्ष झालं होतं. सुखदेवला तिच्याशिवाय अजिबात करमत नव्हतं. पण तिकडे जायचं तर आधी इंग्रजीची परीक्षा पास व्हायला हवी. ऐकणं, बोलणं, वाचणं आणि लिहिणं, असे चार पेपर.

फोनवर रेश्मा म्हणाली, "अहो, तांबोळी मॅडमचा क्लास लावा. त्या सांगतील तसंच करा."

"बरं," सुखदेव म्हणाला. झालं, इथेच सगळा घोळ झाला.

दर रविवारी क्लासमध्ये सराव असायचा. पहिल्या रविवारी ऐकण्याचा पेपर. मॅडमनी रेकॉर्डिंग लावलं. त्यातली बाई म्हणाली, "नमस्कार, आपलं नाव काय?" सुखदेव उठून उभा राहिला आणि त्याने नाव सांगितलं. बाईने पत्ता विचारला. त्याने पिनकोडसकट सांगितला. बाकीच्यांना पुढचं काही ऐकूच आलं नाही.

मॅडम म्हणाल्या, "सुखदेव, तोंड मिटून बसायचं. एक शब्द बोलायचा नाही."

"बरं मॅडम."

दुसऱ्या रविवारी बोलण्याचा पेपर. मॅडमनी समोर बसवून नाव विचारलं. सुखदेव गप्प. गाव विचारलं. गप्प. मॅडमनी पाणी दिलं. ते प्यायला आणि परत तोंड मिटून बसला.

मॅडम म्हणाल्या, "अहो, असं गप्प राहून कसं चालेल? एक विचारलं तर दहा सांगा. मोठ्याने बोला. कारण सांगा, उदाहरण द्या. थांबूच नका."

"बरं मॅडम."

तिसऱ्या रविवारी वाचण्याचा पेपर. उतारा मधमाश्यांवर होता. खोलीत टाचणी पडली तरी ऐकू येईल इतकी शांतता. सुखदेव मोठ्याने म्हणाला, "पहिल्याचं उत्तर ब. कारण माशी हुशार असते. उदाहरणार्थ, आमच्या चुलत्यांच्या आंब्यावर पोळं होतं." पोळ्यावरून तो आंब्यावर गेला, आंब्यावरून चुलत्यांच्या गुडघ्यावर. थांबायचं नव्हतंच.

मॅडमनी कपाळावर हात मारला. "सुखदेव, नुसती नजर फिरवायची. लागेल तेवढंच घ्यायचं. बाकीचं सोडून द्यायचं."

"बरं मॅडम."

चौथ्या रविवारी निबंध. विषय होता, लहान मुलांना मोबाइल द्यावा का? अडीचशे शब्द लिहायचे होते. सुखदेवने विषयावरून नजर फिरवली आणि लागेल तेवढंच लिहिलं. "नको." बाकीचं सोडून दिलं आणि तो घरी जायला निघाला.

मॅडमनी त्याला दारातून परत आणलं. "असा निबंध नसतो. प्रत्येक प्रश्नाला दोन बाजू असतात. 'काही लोकांच्या मते' अशी सुरुवात करायची. मग 'दुसऱ्या बाजूला'. दोन्हींना सारखं वजन द्यायचं. शेवटी म्हणायचं, माझ्या मते दोन्हींत तथ्य आहे."

"आणि मला स्वतःला काय वाटतं ते?"

"ते कुणी विचारत नाही. इंग्रजी बघतात फक्त."

"बरं मॅडम."

पण मॅडमही कसलेल्या होत्या. हा गडी गेल्या रविवारची शिकवण या रविवारी वापरतोय, हे त्यांनी ओळखलं. त्यांनी त्याच्या एकेका बोटाला एकेक पेपर नेमून दिला आणि चाळीस दिवस घोकून घेतलं. परीक्षेला कागद न्यायला बंदी होती, पण बोटं न्यायला नव्हती. सुखदेव पास झाला. निबंधात तर सगळ्यात जास्त गुण.

मॅडम पेढा खाऊन म्हणाल्या, "आता इंग्रजीवरून तुम्हाला कुणी अडवणार नाही." तिकडे रेश्माने त्याच्या मापाचा गरम कोट आणून ठेवला. आता राहिली होती फक्त व्हिसाची मुलाखत.

मुलाखतीत कोणता नियम वापरायचा, हे काही मॅडमनी सांगितलं नव्हतं. सुखदेवने डोकं चालवलं. ज्या नियमाने सगळ्यात जास्त गुण दिले, तोच न्यायचा.

काचेपलीकडे साहेब बसला होता. भला माणूस दिसत होता. त्याने लग्नाचा फोटो पुढे धरला आणि इंग्रजीत अगदी सोपा प्रश्न विचारला, "ही तुमची बायको का?"

सुखदेवने खाकरून घसा साफ केला. इंग्रजी अस्खलित, एक चूक नाही.

"या प्रश्नाला दोन बाजू आहेत. काही लोकांच्या मते ही माझी बायको आहे. उदाहरणार्थ, माझे सासरे. दुसऱ्या बाजूला, पुष्कळ लोकांना तसं वाटत नाही. उदाहरणार्थ, माझे थोरले मामा लग्नाला आलेच नव्हते. माझ्या मते दोन्हींत तथ्य आहे."

साहेबाने चष्मा काढला. "म्हणजे तुमचं लग्न झालंय की नाही?"

"हाही महत्त्वाचा प्रश्न आहे," सुखदेव म्हणाला, आणि अडीचशे शब्द पूर्ण केले.

पंधरा दिवसांनी निकालाची एक प्रत रेश्माकडे गेली. तिने फोन केला. सुखदेवने विचारलं, "काय म्हणतोय साहेब? इंग्रजीला नाव ठेवलंय का?"

"नाही," रेश्मा म्हणाली. "वाचून दाखवते. 'अर्जदाराचं इंग्रजी उत्तम आहे. बायको आहे की नाही, हे मात्र त्याचं अजून ठरलेलं नाही. ठरल्यावर त्याने पुन्हा अर्ज करावा.'"