डबीनं ठेवून घेतलेला तुकडा

कचेरीच्या भिंतीवरल्या नेटवर्कच्या डबीला घातलेला खंडेनवमीचा हार अजून सुकायचा होता, तेव्हाची ही गोष्ट. सगळ्या कॉम्प्युटरांच्या वायरी या डबीतूनच जायच्या. त्या सकाळी सर्व्हर सगळ्यांना नवं सॉफ्टवेअर तुकड्यातुकड्यांनी धाडत होता.

"रोज नुसती हमाली! आज बघतेच आत काय असतं ते," म्हणत डबीनं एक तुकडा ठेवून घेतला. उलटसुलट करून पाहिला, पण काही कळेना. तिकडे सगळे कॉम्प्युटर अडून बसले आणि दाखल्यासाठी आलेल्या सुंद्राबाई बाकावर ताटकळल्या.

सर्व्हरनं विचारलं, "डबीताई, एक तुकडा कुठे गेला गं?"

"माझ्याकडे आहे. पण यात तर काहीच नाही!"

"अगं, एकट्या तुकड्यात काय दिसणार? जाऊ दे त्याला, मग बघ."

डबीनं नाइलाजानं तुकडा सोडला. थोड्या वेळानं अडलेले कॉम्प्युटर सुरू झाले, समोरचा पडदा उजळला आणि त्यावर सुंद्राबाईंच्या नावाचा दाखला उमटला.

डबीचे सगळे दिवे लुकलुकले. "अगंबाई! हे मी अडवून ठेवलं होतं?"