पळीभर फवारणी

भाविकहो, डोंगराच्या कुशीत पांगरदरा नावाचं लहानसं गाव होतं. तिथल्या मठात भद्रगिरी महाराज राहत असत. मठ जुना, आणि मठाचा द्राक्षमळा त्याहून जुना. तिथे वेलींना तारेचा मांडव नव्हता. पांगाऱ्याच्या जिवंत झाडांवर त्या चढवलेल्या होत्या. नैवेद्याची द्राक्षं तिथलीच आणि गावातल्या बाळंतिणीच्या खिरीत पडणाऱ्या मनुकाही तिथल्याच.

मळ्याचा एक नेम होता. वेलीवर जे शिंपडायचं, ते माळ्याने आधी पळीभर स्वतः प्यायचं. महाराज म्हणत, "लेकराला भरवायच्या आधी आई चाखून बघते की नाही? मग वेलीचं निराळं काय?"

मळा सांभाळायची कोंडाबाई. एकटी, म्हातारी, अंगावर ठिगळाचं लुगडं. ताक, गोमूत्र आणि कडुनिंबाचा पाला घंगाळात एकत्र मुरवून ती फवारणी करायची. आधी महाराजांचं नाव घ्यायची, मग पळी तोंडाला लावायची. मठाचे कारभारी विश्वंभरपंत हे बघून नाक मुरडत. चार बुकं शिकलेला माणूस! "काय कोंडे, आज पोट भरलं का गोमूत्राने?" असं चारचौघांत विचारत. म्हातारी नुसती हसायची. ती खरंच पिते यावर पंतांचा मुळी विश्वासच नव्हता. ओठाला पळी टेकवून म्हातारी सोंग करते, असं ते मनाशी धरून बसले होते.

एका वर्षी ऐन फुलोऱ्यात आठ दिवस आभाळ भरून राहिलं आणि मळ्यात केवडा रोग शिरला. पानांवर पिवळे डाग, पानाखाली पांढरी बुरशी. रोज सकाळी एकेक ओळ जाताना दिसे. तालुक्याला जाऊन पंतांनी कवटीचं चित्र असलेली औषधाची बाटली आणली.

महाराज म्हणाले, "पंत, जे कोंडाबाईच्या जिभेला चालणार नाही, ते वेलीलाही नको."

पंत मनातून हटले नाहीत. दुपारी सगळे पंगतीला बसले असताना ते मळ्यात गेले आणि कोंडाबाईच्या घंगाळात अख्खी बाटली ओतली. काठीने ढवळलं. वास उग्र होता, पण गोमूत्राच्या वासात दबून गेला. पंत पांगाऱ्याआड उभे राहिले.

थोड्या वेळाने कोंडाबाई आली. हात जोडून तिने महाराजांचं नाव घेतलं. पळी बुडवली. आता ती ओठाला टेकवून खाली ठेवणार, असं पंतांना वाटलं. पण म्हातारीने पळी सरळ घशात रिकामी केली!

पंतांनी ओरडायला तोंड उघडलं. पण ओरडून सांगणार काय?

"आज लई कडू लागतंय," कोंडाबाई स्वतःशीच बोलली. "पाला जास्त झाला का काय?" आणि खात्री करायला तिने दुसरी पळी घेतली.

पंत डोळे फाडून बघत राहिले. आता पडेल, मग पडेल. म्हातारी मात्र पदराने तोंड पुसून ओवी गुणगुणत पिचकारी शोधू लागली. तिला काहीच झालं नाही! औषधच खोटं निघालं असेल, असं पंत स्वतःला समजावू लागले, तेवढ्यात मठातून आरोळी आली, "धावा! महाराज पडले!"

पंत धावले. महाराज आसनाखाली कोसळले होते. ओठ निळे, तोंडाला फेस, श्वास तुटक. वैद्यबुवांनी नाडी धरली आणि त्यांचा चेहरा उतरला. "अंगात विष भिनलंय. काय खाल्लं यांनी?"

"सकाळपासून उपास आहे," आचारी म्हणाला. "फक्त पाणी प्यायले. मघाशी कोंडाबाईनेच आणून दिलं होतं."

सगळ्यांच्या नजरा दारात पोहोचलेल्या कोंडाबाईवर गेल्या. तिच्या हातात अजून पळी होती. "अरे देवा, म्या काय केलं?" ती मटकन खाली बसली. कुणीतरी तिचा दंड धरला. कुणी म्हणालं, हिला कोंडून ठेवा आधी.

पंतांना कळलं की आपण सुटलो. तोंड बंद ठेवलं की झालं. बाटली कुणी पाहिली नव्हती. नेमक्या त्याच क्षणी महाराजांनी डोळे उघडले आणि पंतांकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता. महाराज वाट बघत होते, आणि त्यांचा श्वास अडकत चालला होता. पंतांना आयुष्यात एवढी भीती कधी वाटली नव्हती.

"सोडा तिला!" पंत किंचाळले. "मी ओतलं! घंगाळात मी विष ओतलं! ही दोन पळ्या प्यायली, मी उभा राहून बघितलं, आणि... आणि ते महाराजांनी स्वतःवर घेतलं हो!"

बोलता बोलता ते कोंडाबाईच्या पायांवर कोसळले. "माय, मला क्षमा कर!"

मग महाराजांना मोठा ठसका लागला, काळंनिळं पाणी उलटून पडलं आणि श्वास मोकळा झाला. वैद्यबुवांनी पुन्हा नाडी पाहिली आणि हात जोडले. केवढी ही दया!

महाराज क्षीण आवाजात म्हणाले, "घंगाळ लांब खड्ड्यात पालथं करा, पंत. वेलींजवळ सांडू नका."

भाविकहो, त्या वर्षी निम्म्या वेली गेल्या, हे काही लपवायचं कारण नाही. उरलेल्या निम्म्या तगल्या. या प्रसंगाच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी कोंडाबाईने नवं ताक, नवा पाला घालून दुसरं घंगाळ भरलं. पळी बुडवली, तोच मागून पंत आले. डोक्यावर पगडी नव्हती. ते तिच्यापुढे वाकले आणि ओंजळ पुढे केली.

"कोंडामाय," ते म्हणाले, "आजपासून आधी मी."